ज्याचा हात, त्याला आधी

कोल्हापुरात तोंडावर बोलायला कुणी भीत नाही. पोट सुटलं तर भाजीवाली सांगते, पोरीचं लग्न लांबलं तर रिक्षावाला विचारतो, आणि फुटबॉलचा संघ हरला की शिवाजी पेठेतलं शेंबडं पोरही गोलकीपरच्या बापाला रस्त्यात अडवून जाब विचारतं. मी त्याच पेठेत वाढले. त्यामुळे मला कुणी फसवलंच तर ते परकं माणूस नसणार, हे मला कळायला हवं होतं. नाही कळलं.

माझ्या वडिलांचं पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी मुंबईला जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकले आणि परत आले. गावात हे काम करणारी मी पहिलीच. पहिली असण्यात मान वगैरे काही नसतो. आपण काय करतो ते रोज नव्या माणसाला पहिल्यापासून समजावून सांगायचं, एवढंच असतं. मराठीत या कामाला व्यवसायोपचार म्हणतात, आणि तो शब्द ऐकून लोक मला पोराला कुठं तरी चिकटवा म्हणून गळ घालायचे. मग मी सांगायची, पडलेला हात वर न्यायला शिकवणं हे फिजिओथेरपीवाल्याचं काम, त्याच हातानं वेणी घालायला शिकवणं हे माझं. त्यावर माझी आत्या म्हणाली, "वेणी घालाय शिकायला मुंबईला कशाला गेलतीस?"

एका ट्रस्टच्या दवाखान्यानं मला जागा दिली. जागा म्हणजे मोडक्या खाटांची खोली. खाटा बाहेर काढल्या, चुना मारून घेतला आणि सामान मागितलं: परात, तवा, शेगडी, घागर, बटणांचे जुने शर्ट, एक नऊवारी लुगडं. स्टोअरचा माणूस माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघत म्हणाला, "बाई, दवाखाना हाय का खानावळ?" मी म्हटलं, इथून माणूस घरी जाणार आहे आणि घरी परात असते. त्याला ते पटलं, पण परात मात्र त्यानं दिली नाही. ती मी आईची आणली. ज्यांच्या मुठीत जोर नव्हता त्यांच्यासाठी वडील सायकलच्या हँडलच्या रबरी मुठी कापून चमच्यांना बसवून द्यायचे. आधी कुरकुरले, नंतर दुकानात बसून गिऱ्हाइकांना अभिमानानं दाखवायला लागले, की ही माझ्या पोरीची औषधं.

माझं खरं भांडण आजाराशी कधी नव्हतंच, ते आमच्या लोकांच्या मायेशी होतं. आपल्याकडे आजाऱ्यावर माया करायची म्हणजे त्याच्या हातातलं काढून घ्यायचं. बाई घास उचलायला लागली की सून उचलून तोंडात घालणार. म्हातारा बटणाशी झटायला लागला की भाऊ पुढं होणार. म्हणून माझ्या खोलीत एक शिस्त होती. पेशंट काम करत असताना नातेवाइकांनी आपले दोन्ही हात पाठीमागं धरून उभं राहायचं. कुणाचे हात पुढं आले की मी ओरडायची, "हात मागं!" माझा आवाज पेठेतला, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. थोड्याच दिवसांत दवाखान्यात माझं नावच 'हात मागं बाई' पडलं.

आणि दुसरी शिस्त होती ती सांगण्याची. आपल्याकडे डॉक्टर नातेवाइकांना व्हरांड्यात बोलावून खालच्या आवाजात सांगतात. मग नातेवाईक डोळे पुसून, चेहरा नीट करून आत येतात आणि म्हणतात, चाललंय छान. सगळ्या गावाला कळतं, शेजारच्या खाटेवरच्याला कळतं, आणि ज्याचा हात गेलाय त्याला सगळ्यात शेवटी. मला याची भयंकर चीड यायची. माझ्या खोलीत नियम होता: ज्याचा हात, त्याला आधी. सांगायचं असेल तर स्टूल ओढून समोर बसायचं, पेशंटचे डोळे आणि आपले डोळे एका उंचीला आणायचे, आणि सरळ सांगायचं. 'बघू या' म्हणायचं नाही. बघायचं जे होतं ते आपण बघून झालेलं असतं.

कागलच्या पलीकडच्या एका गावची बाई माझ्याकडे आली ती पदराखाली हात झाकून. गुऱ्हाळावर चरकात ऊस सरकवताना उजवा हात ओढला गेला होता. सर्जननं जेवढा वाचवायचा तेवढा वाचवला होता, पण दोन बोटं नव्हती आणि उरलेली काठीसारखी ताठ झाली होती. बरोबर मुलगी होती, नुकती बारावी झालेली, दोन वेण्या, नजर सतत आईच्या हातावर. मी दोन-अडीच महिने त्या हातावर काम केलं. मग एके दिवशी स्टूल ओढलं आणि सांगितलं, "बाई, या हाताची मूठ आता वळणार नाही. जी काही वळायची ती वळली. भाकरी आता डाव्या हातानं बडवायची."

बाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मुलगी माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिच्या आईचा हात चरकात घातला होता. दुसऱ्या दिवशी बाई आपण होऊन खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "बरं, मग डाव्यानं कशी बडवायची ते तर सांगा की."

परात हलू नये म्हणून तिच्याखाली ओलं फडकं घातलं. बाई डाव्या हातानं पीठ मळायला लागल्या. गोळा हातातून सुटला, परातीबाहेर पडला. मुलगी पुढं झाली. मी म्हटलं, "हात मागं." तिनं हात पाठीमागं धरले आणि तशीच उभी राहून रडत राहिली, नाक पुसायलाही हात पुढं आणला नाही. मी मधून मधून तिच्याकडे बघून हसत होते, तिला धीर यावा म्हणून. भाकरी झाली ती एका बाजूनं जाड, एका बाजूनं फाटलेली आणि मधोमध करपलेली. ती मुलीनं उभ्या उभ्या सगळी खाल्ली.

त्या बाईंसाठीच मी एकहाती पाट बनवून घेतला. साधा लाकडी पाट. त्याच्या मधोमध खालून वर येणारे दोन खिळे, त्यावर कांदा-बटाटा रोवून ठेवायचा म्हणजे धरायला दुसरा हात लागत नाही. एका कोपऱ्याला उभी पट्टी, भाकरीला लोणी लावताना ती सरकू नये म्हणून. सुतार म्हणाला, "बाई, ह्यो पाट हाय का शिक्षा?" पण छान केला त्यानं. पुढं असे कितीतरी पाट त्याच सुताराकडून करून घेतले. मात्र पाट कधी द्यायचा, याचा नियम होता. आधी स्टूल, मग पाट. सांगितल्याशिवाय पाट हातात द्यायचा नाही. नाही तर माणूस पाट बघून ओळखतो, आणि जे आपण सांगायचं ते त्याला दोन खिळे सांगतात.

मुलगी नंतर एकटीच येऊन मला भेटली. म्हणाली, "मला तुमचं काम शिकायचंय." मीच तिचा अर्ज भरला, मीच तिला शिकायला पाठवलं, आणि ती परत येऊन माझ्या खोलीत रुजू झाली तेव्हा मी दवाखान्यात पेढे वाटले. मला मूलबाळ नाही. याचं मी कधी रडगाणं गायलं नाही, आणि ती आल्यावर तर गायचं कारणच उरलं नाही. ती आमच्या घरी जेवायची, माझ्याशी भांडायची, माझ्या यजमानांना काका म्हणायची आणि त्यांच्या चहात साखर जास्त झाली की त्यांच्यावर ओरडायची.

तिची परीक्षा मी पाहिली होती. शिवणकाम करणारे एक चाचा आमच्याकडे होते, अर्धांगाच्या झटक्यानं उजवी बाजू गेलेली. आयुष्यभर कात्री चालवलेला हात. मुलगे तालेवार, बोलायला जहाल. त्यांनी आम्हाला व्हरांड्यात गाठलं आणि बजावलं, अब्बांना काय सांगायचं न्हाय, अब्बा खचतील, सांगितलंत तर आमच्याशी गाठ आहे. मी काही बोलायच्या आत माझी ही मुलगी म्हणाली, "हात तुमचा न्हाय, त्यांचा हाय." आणि आत जाऊन स्टूल ओढलं. चाचांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरं केलंस बेटी. मी रोज झोपेत कापड कापत हुतो. आता नुसतं झोपीन तरी." मग ते डाव्या हातानं खडूची रेघ मारायला शिकले. ते आखायचे, मुलगे कापायचे. त्या दिवशी घरी येऊन मी यजमानांना म्हटलं, आता मी निवृत्त व्हायला मोकळी. झालेही, आणि माझी खोली तिच्याकडे गेली.

यंदा होळी झाल्यावर, सकाळी साडी नेसताना माझ्या निऱ्या सुटल्या. परत घातल्या, परत सुटल्या. मला वाटलं साडी सिल्कची आहे म्हणून. साडी सुती होती. मग उजवा हात बघितला, आणि त्याला हलायला सांगितलं तर तो ऐकेना.

झटकाच होता तो. दवाखान्यातून घरी आल्यावर पाय काठी घेऊन चालायला लागला, बोलणंही सुधारलं. हात तेवढा राहिला. ती रोज दुपारी स्कूटरवरून यायची. काम संपवून, स्वतःचं जेवण बाजूला ठेवून यायची, हे मी नाकारत नाही. माझा हात मांडीवर घ्यायची, बोटं एकेक उघडायची, टेबलावर टॉवेल पसरून त्यावरून तो पुढं-मागं सरकवायची. "मॅडम, मस्त! काल एवढं येत नव्हतं." यजमान मागून म्हणायचे, "व्हय, मी पण बघितलं." मला खांदा हललेला जाणवायचा. बोटांत काही नव्हतं, पण ती म्हणते तर असेल, असं मी धरून चालले.

इथं कुणीही विचारेल की बाई, तुम्ही आयुष्यभर हेच केलंत, तुम्हाला कळलं कसं नाही? कळलं नाही. दुसऱ्याचा हात माझ्या हातात आला की दोन दिवसांत मी सांगायची काय येणार आणि काय नाही. स्वतःचा हात आला की माणूस ज्याच्यावर विश्वास आहे त्याच्या तोंडाकडे बघतो. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला मी घडवलं होतं, आणि ती खोटं बोलणार नाही याबद्दल मला माझ्या पायाखालच्या फरशीइतकी खात्री होती.

खुणा होत्या. पाण्याचा पेला उजवीकडून डावीकडे आला. फोन डावीकडे आला. टॉवेलवरचा व्यायाम हळूहळू आरतीसारखा झाला, म्हणायची म्हणून म्हटलेली. आणि तिची शाबासकी दिवसेंदिवस मोठ्या आवाजात यायला लागली. खोटं बोलताना आमच्या धंद्यातली माणसं आवाज चढवतात, हे मीच तिला एकदा हसत सांगितलं होतं.

नवरात्राच्या आधीची गोष्ट. ती आली, स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी मला बसवलं आणि पिशवीतून काहीतरी काढता काढता दवाखान्यातल्या नव्या लिफ्टबद्दल बोलायला लागली. लिफ्ट कशी मधेच अडकते, स्टोअरवाला कसा आत ओरडत होता. बोलता बोलता तिनं माझ्यासमोर पाट ठेवला. नवा, पांढऱ्या लाकडाचा. मधोमध दोन खिळे. कोपऱ्याला पट्टी, ती डाव्या हाताच्या सोयीनं लावलेली. तिनं एक बटाटा खिळ्यांवर रोवला, माझ्या डाव्या हातात सुरी दिली आणि म्हणाली, "मॅडम, जरा गंमत म्हणून. बटाटा चिरू या का?"

मी पाटाकडे बघितलं. मग यजमानांकडे बघितलं. ते कॅलेंडर बघत होते.

"तुम्हाला कधी सांगितलं हिनं?"

त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं.

"अहो, मी विचारतेय. कधी?"

"गणपतीच्या आधी," ते म्हणाले. "बाहेर गेटपाशी बोललो. अगं, तुला तरास नको म्हणून."

म्हणजे गौरीच्या दिवशी, मी उजव्या हातानं हळदीकुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडायला बसले होते, आणि हे दोघं शेजारी उभे राहून "येतंय, येतंय" म्हणत होते, तेव्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी घामाघूम झाले होते. झाकण उघडलं नाही तर यजमान म्हणाले होते, झाकणच घट्ट आहे. मला ते आठवलं आणि अंगाचा तिळपापड झाला. आम्ही आयुष्यभर ज्या व्हरांड्याला शिव्या दिल्या, तो व्हरांडा हिनं माझ्या गेटपाशी आणून ठेवला होता.

मी सुरी खाली ठेवली. "स्टूल ओढ," मी तिला म्हटलं.

"मॅडम..."

"ओढ. समोर बस. आणि सांग."

तिनं स्टूल ओढलं. बसली. डोळे माझ्या डोळ्यांच्या उंचीला आले. मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर तिनं त्या क्षणी सांगितलं असतं तर मी सगळं विसरले असते. उशिरा का होईना, माझ्या पोरीनं मला सांगितलं, एवढ्यावर मी भागवलं असतं. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "बघू या की मॅडम, दिवाळीपर्यंत."

"'बघू या' हे तुला मी शिकवलं नव्हतं."

मग तिला रडू फुटलं. "तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही सगळं जाणता. मला वाटलं तुम्हाला कळलंच असंल."

"मी जाणत नव्हते. तू म्हणालीस चाललंय छान, म्हणून छान चाललं होतं."

"आईला तुम्ही सांगितलं तवा ती जेवली न्हाय. भिंतीकडं तोंड करून पडली. ते मला अजून दिसतं मॅडम. तुमचं तसं मला बघवलं नसतं."

"म्हणजे हात माझा, आणि विचार तुझ्या बघवण्याचा."

मला थांबवेना. "तुझी आई एक दिवस उपाशी राहिली आणि दुसऱ्या दिवशी भाकरी शिकायला आली. मला तू तो उपाशी दिवससुद्धा दिला नाहीस. त्या शिंप्याला दिलास. त्याच्या पोरांसमोर उभी राहून दिलास. मीच काय वाईट केलं होतं तुझं?"

ती उठून माझ्या गळ्यात पडायला आली. मी काठी मधे धरली. ती तशीच दारातून चप्पल अडकवून गेली. पाट टेबलावरच राहिला, बटाट्यासकट.

संध्याकाळी मी बेडरूममध्ये गेले. लोखंडी कपाटाला आरसा आहे. स्टूल डाव्या हातानं आणि पायानं ढकलत आरशासमोर नेलं. यजमान मागून आले, त्यांना मी दारातच थांबवलं. बसले. डोळे एका उंचीला आणायची गरज नव्हती, ते होतेच. पेशंटला म्हणायची तसंच म्हटलं, मोठ्यानं, कारण हे मनात म्हणून चालत नाही: "बाई, तुमच्या या हाताची मूठ आता वळणार नाही. जी काही वळायची ती वळली."

ऐकायला फार वाईट वाटलं. इतक्या लोकांना मी हे सांगितलं, आणि ते ऐकताना कसं लागतं ते मला त्या दिवशी समजलं. पण त्यांच्यासमोर निदान कुणीतरी बसलेलं होतं. मला माझंच तोंड बघावं लागलं.

त्या दिवशी मी जेवले नाही. यजमानांनी ताट आणलं, परत नेलं. आत भांडी आपटल्याचा आवाज आला. ते चिडले होते की रडत होते, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आपण होऊन स्वयंपाकघरात गेले. पाटावरचा बटाटा खिळ्यांपाशी काळा पडला होता. तो टाकून दुसरा रोवला. डाव्या हातात सुरी धरली. पहिली फोड इतकी जाड निघाली की तिची आख्खी भाजी झाली असती. दुसरी घ्यायला गेले तेवढ्यात स्कूटरचा आवाज आला. ती नेहमीच्या वेळेला आली होती. तिला वाटलं असेल, रात्रभरात माझा राग उतरला असेल. ती दारात उभी राहिली. मी सुरीवर जोर दिला, आणि पाट सरकला. खाली ओलं फडकं घालायचं विसरले होते. पाट टेबलाच्या कडेपर्यंत आला आणि तिचे दोन्ही हात पुढं आले.

"हात मागं," मी म्हटलं.

तिनं हात पाठीमागं धरले. तशीच उभी राहून रडायला लागली, नाक न पुसता, आईच्या परातीपाशी उभी होती तशी. तेव्हा मी मधून मधून तिच्याकडे बघून हसले होते. या वेळी मी पाट छातीशी टेकवून धरला आणि बटाट्याकडेच बघत राहिले.